२०२४ मधले सलग ऐकावेत असे रॉक-मेटल अल्बम: तुमचे कोणते?

मिरकरवाडा_डिझेल

वर्ष संपत आलं म्हणून विचारतोय. यंदा आलेल्या रॉक आणि मेटल अल्बमांपैकी असा कोणता, जो तुम्ही पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं काही न गाळता, परत परत ऐकलात? एखादं जबरदस्त गाणं सांगू नका, अख्खा अल्बम सांगा. आणि का आवडला ते लिहा. नुसत्या नावांच्या याद्या कुठेही मिळतात.

माझे आधी सांगतो. मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर बोटींच्या इंजिनांची कामं करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. बोटी वर घेतलेल्या असतात आणि त्या दोन महिन्यांत प्रत्येक मालकाला आपलंच इंजिन आधी खोलून हवं असतं. दिवसभर ग्राइंडर आणि घण. त्यामुळे गाणी ऐकायची ती रात्री, जेवणं झाल्यावर, हेडफोन लावून. धंदाच असा आहे की कान सतत तपासत असतो. कुठला नोझल नीट फवारत नाही, कुठला टॅपेट ढिला झालाय, हे इंजिन खोलायच्या आधी आवाजावरून ओळखावं लागतं. ड्रम आणि बासही मी त्याच कानाने ऐकतो. मिक्सिंग करताना सगळंच कमाल आवाजाला नेऊन ठेवलं असेल तर गाणी कितीही चांगली असोत, तिसऱ्या गाण्याला मी थकतो.

यंदा माझा पहिला नंबर ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'. २२ नोव्हेंबरला आला आणि तेव्हापासून दुसरं फारसं काही ऐकलेलं नाही. गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली आहे. एक श्रीमंत, कडक म्हातारा गेलाय आणि त्याचं मृत्युपत्र ऐकायला मुलं जमली आहेत. एक जुळी भावंडं, आणि पोलिओ झालेली एक मुलगी, जिचं त्या घराशी नेमकं नातं काय हे कोणी उघड बोललेलं नाही. कागद वाचत जातात तशी एकेक गोष्ट बाहेर पडते. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत. कायद्याच्या कागदावर असतं तसं कलमाचं चिन्ह आणि पुढे आकडा. नाव आहे ते फक्त आठव्या गाण्याला, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', आणि तिथे एका पत्राने आधीचं सगळं उलटंपालटं होतं. काय ते सांगत नाही, ऐका.

कोकणात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावं अजून तशीच आहेत. निम्मी माणसं हयात नाहीत, काहींची मुलं मुंबईत, एका घराचा तर ठावठिकाणाच नाही. मूळ घराचे वासे बदलायचे म्हटले तरी संमती कोणाकोणाची घ्यायची हा प्रश्न. चतुर्थीला सगळे येतात, एका पंगतीत जेवतात, एका सुरात आरत्या म्हणतात, आणि वाटपाचा विषय निघाला की कोणीतरी ताटावरून उठतो. गेलेला माणूस एका कागदाने मागच्यांना किती वर्षं नाचवू शकतो ते मी घरात बघितलंय. स्वीडनच्या एका बँडने हे संगीतात इतकं नेमकं पकडावं याचं मला खरोखर नवल वाटलं.

आणि ग्राऊल, म्हणजे घशातून काढलेला तो खोल, गुरगुरता आवाज! गायक मिकाएल ओकरफेल्टने २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर स्टुडिओ अल्बममध्ये ग्राऊल केलेलेच नव्हते. मधल्या काळातले त्यांचे अल्बम वाईट होते असं मी म्हणणार नाही, पण जुन्या चाहत्यांना ती गोष्ट टोचत होती. इथे ते परत आणले ते उगाच लोकांना खूश करायला आणलेले वाटत नाहीत. मी ऐकतो तेव्हा ग्राऊल म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज, कागदातून हुकूम सोडणारा. साधा गळा येतो तेव्हा खोलीतल्या बाकीच्यांची घालमेल ऐकू येते. मध्येच जेथ्रो टल बँडचा इयान अँडरसन बोलतो, बासरी वाजवतो. नवा ड्रमर वॉल्टेरी व्हायरिनेनचा बँडबरोबरचा हा पहिलाच अल्बम. तो कुठेही नुसता धावत सुटत नाही. झांजेचा आवाज हवेत विरेपर्यंत ऐकू येतो, आणि हे मिक्सिंग करणाऱ्यालाही जमलंय.

दुसरा ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर'. डेन्व्हरचा डेथ मेटल बँड. दोनच रचना, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', एकेक २० मिनिटांच्या पुढची, प्रत्येकीचे तीन भाग. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलाय, जिथे १९७७ मध्ये डेव्हिड बोवीने 'हिरोज' केला होता. टँजरीन ड्रीम बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग येऊन सिंथ (सिंथेसायझर) वाजवून गेलाय. डेथ मेटल चालू असताना मध्येच सगळं थांबतं आणि सिंथचं मोकळं आकाश उघडतं. त्या जागा मला फार आवडतात.

तिसरा जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड'. गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता हा आला तेव्हा. गिटारवाल्या ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे, तरी गाणी रचण्यात तो आहेच. दुसरा गिटारवाला रिची फॉकनर, त्याची महाधमनी २०२१ मध्ये स्टेजवर वाजवत असताना फाटली होती, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो परत उभा राहिला. इयान हिल १९७४ च्या पहिल्या अल्बमपासून बास वाजवतोय. हे सगळं माहीत नसलं तरी अल्बम उत्तमच आहे. माहीत असलं की 'पॅनिक अटॅक' सुरू होताच छाती भरून येते. माझी तक्रार एकच, मास्टरिंग फार दाबून केलंय.

ब्रूस डिकिन्सनचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' चांगला. केरी किंगच्या अल्बममधली गाणी सुटी आवडली, सलग नाही.

आता मदत हवी ती अशी. द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' सगळे नावाजतायत. मी ऐकला, पण मला तो अजून भिडलेला नाही. मेटल ऐकणाऱ्याने तो कुठल्या बाजूने ऐकावा?

वाशिष्ठीकाठची

मी चिपळूणला शाळेत शिकवते, ऐंशीच्या दशकात कॉलेजात होते. क्युअर तेव्हापासून ऐकतेय, म्हणून लिहिते.

तुम्ही रिफची, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याची, वाट बघत ऐकत असाल तर हा अल्बम हाती लागणार नाही. पहिलं गाणं 'अलोन'. त्यात गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर कीबोर्ड, सायमन गॅलपचा जड बास आणि जेसन कूपरचे सावकाश ड्रम. शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात तर निम्म्याहून जास्त वेळ नुसतं वादन. या दोघांच्या मध्ये सहा गाणी. एवढाच अल्बम, आठ गाण्यांचा, आणि तोही १६ वर्षांनी. २००८ च्या '४:१३ ड्रीम'नंतर काहीच नव्हतं.

तुम्हाला ड्रम आणि बास ऐकायची सवय आहे ना? मग 'एंडसाँग'पासून उलटे या. ड्रमचा एकच ठेका शेवटपर्यंत चालू आहे, आणि त्यावर रीव्ह्ज गॅब्रेल्सची गिटार चढत जाते. तिथे तुम्हाला तुमची वाट सापडेल. नंतर 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' ऐका. ते स्मिथने भावाच्या मृत्यूवर लिहिलंय. त्यात रडारड नाही. पियानोची एक छोटी ओळ फिरत राहते, आणि तो जे झालं ते सांगतो. या गाण्यांपैकी बरीचशी त्यांनी २०२२ पासून मैफलींतून वाजवली होती. त्यामुळे अल्बम येईपर्यंत ती मुरलेली होती, कुठेही घाई नाही.

दुसरा माझा आवडता म्हणजे डेव्हिड गिलमरचा 'लक अँड स्ट्रेंज'. शीर्षकगीतात पिंक फ्लॉइडमधला त्याचा साथी रिचर्ड राइट याचे कीबोर्ड आहेत. राइट गेला २००८ मध्ये. हे वादन २००७ मध्ये गिलमरच्या घराजवळच्या कोठारात सहज वाजवताना ध्वनिमुद्रित झालं होतं. पण मी तो अल्बम पुन्हा लावते ते 'बिटवीन टू पॉइंट्स'साठी. गिलमरची मुलगी रोमनी गाते आणि हार्पही वाजवते. अगदी साधा, न सजवलेला आवाज, आणि तिचं संपल्यावर वडिलांची गिटार. गिलमर इतकं चांगलं बरेच वर्षांत वाजवला नव्हता असं माझं ठाम मत आहे.

ओपेथ ऐकेन. ग्राऊल मला जमत नाहीत, पण सातबाऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. आमच्याकडे आंब्याच्या नऊ कलमांवरून दोन घरं बोलत नाहीत.

पखवाज_कुडाळ

डिझेलदादा, तुझा ओपेथचा म्हणणा माका पटला, पण ब्लड इन्कँटेशनवरून माका तुझ्याशी थोडा भांडूचा आसा. बाकीच्यांका समजाक होया म्हणान फुडचा प्रमाण मराठीत लिवतंय.

मी भजनाच्या डबलबारीत पखवाज वाजवतो. दोन बुवा समोरासमोर, रात्रभर. रूपाचा अभंग संथ लयीत, गजराला लय चढते आणि पहाटे पहाटे तर हात आपोआप चालतात. तिथे एक गोष्ट शिकलो. लय चढवायची तर आधी ती खाली ठेवून लोकांना धरता आलं पाहिजे. 'द स्टारगेट'च्या दुसऱ्या भागात सिंथ येतात, तिथे मला धरलेलं सुटतं. खालची लयच काढून घेतली आहे. परत डेथ मेटल सुरू होतं तेव्हा मला पुन्हा पहिल्यापासून आत शिरावं लागतं. 'द मेसेज'मध्ये मात्र तसं होत नाही. तिथे आयझॅक फॉकचे ड्रम शांत जागेतही खालून चालू राहतात. म्हणून माझ्या मते अर्धा अल्बम पहिल्या नंबरचा, अर्धा नाही.

माझा यंदाचा अल्बम अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड'. न्यूझीलंडचे तिघे. जेमी सेंट मेराचे ड्रम ऐका. ध्वनिमुद्रणाचं तांत्रिक काम आणि मुखपृष्ठाची चित्रंही तोच करतो, म्हणजे आपला ठोका कसा ऐकू यावा हे त्याच्याच हातात. डाव्या-उजव्या हातात वेगळी मोजणी चालू असते आणि गिटार तिसरीच काहीतरी गोष्ट सांगत असते. पहिल्यांदा ऐकताना नुसता चिखल वाटेल. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधा. एकदा समेवर बोट ठेवता आलं की सगळं गाणं मोकळं होतं. मी मांडीवर ताल धरून ऐकतो, त्याशिवाय मला ते उलगडलं नसतं.

आणि हाय ऑन फायरचा 'कमेथ द स्टॉर्म' कोणीच कसा लिहिला नाही? बासवाला जेफ मॅट्झ तुर्की लोकसंगीत शिकलाय, बाग्लामा हे तंतुवाद्य वाजवतो, आणि एक पूर्ण वाद्यांची रचना त्यावर आहे. नवा ड्रमर कोडी विलिस. दणकट, सरळ वाजवणारा. जत्रेच्या दिवसांत मी हाच लावून गाडी चालवतो.

आपल्याकडचंही एक नाव नोंदवा, बंगळूरच्या क्रिप्टोसचा 'डेसिमेटर'. जुन्या घाटाचं हेवी मेटल, दोन गिटार एकमेकींना धरून. प्रीस्ट आवडणाऱ्याने सोडूच नये.

वेंगुर्ला_२००५

नमस्कार दादा, ताई. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी मेटल ऐकायला लागले ती २६ जुलैला. पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन घरात सगळे बघत होतो. कॉन्सिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या भिंतीवर, खिडक्यांच्या वर गोजिरा हा फ्रेंच मेटल बँड उभा, खाली खिडक्यांत डोकं नसलेल्या राण्या, मरीना व्हिओती ऑपेरा गातेय आणि सोबत मेटलचा ड्रम. आई म्हणाली आवाज कमी कर, मी वाढवला. तिथून पुढे शोधत गेले.

सलग ऐकलेला माझा अल्बम नॉक्ट लूजचा 'यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू'. केंटकीचा हार्डकोर बँड, अल्बम सगळा मिळून अर्ध्या तासाच्या आतला. विमान हेलकावे खात असताना शेजारच्या बाईने गायक ब्रायन गॅरिसला जे वाक्य बोलून धीर दिला, तेच शीर्षक. मला विमान माहीत नाही, पण परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या बसमध्ये मी तो रोज लावत होते आणि खरंच पाय जमिनीवर यायचे. लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झीरो'पण आवडला. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँगची आधीच्या, आता हयात नसलेल्या चेस्टरशी तुलना करत बसू नये, ती ओरडते तेव्हा स्वतःचंच काहीतरी सांगते असं मला वाटतं.

प्रश्न हा आहे की ओपेथ आणि ब्लड इन्कँटेशन मी लावले, पण लांब गाण्यांत हरवले. हार्डकोरमध्ये ओरडणं कळतं, कारण शब्द जवळजवळ ऐकू येतात. हे खोल ग्राऊल ऐकायचे कसे? कुठून सुरुवात करू?

मिरकरवाडा_डिझेल

ताई, आधी तुम्हाला. काल रात्री 'एंडसाँग'पासून सुरू केलं आणि मग पूर्ण अल्बम पहिल्यापासून लावला. बासचा आवाज बघा, तो तळाशी इतका रुंद ठेवलाय की ड्रमला वेगळं बळ द्यावं लागत नाही. हे तुम्ही सांगेपर्यंत मी तिथे कान नेला नव्हता. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' दुसऱ्यांदा ऐकायचं धाडस अजून होत नाहीये. हा अल्बम माझ्या यादीत आला, प्रीस्टच्या वर.

पखवाजभाऊ, तुझ्याशी मी सहमत नाही. ज्या जागेला तू 'धरलेलं सुटतं' म्हणतोस, तिथेच तर त्यांना आपल्याला सोडायचंय. या लोकांनी २०२२ मध्ये 'टाइमवेव्ह झीरो' नावाचा अख्खा सिंथचाच अल्बम काढला होता. म्हणजे सिंथ ही मधली विश्रांती म्हणून टाकलेली नाही, त्यांना ते डेथ मेटलइतकंच जवळचं आहे. डबलबारीत समोर हजार माणूस बसलेला असतो, त्याला धरून ठेवणं तुझं काम. इथे ऐकणारा एकटा असतो, त्याला थोडा वेळ मोकळं सोडलं तर बिघडत नाही. पण 'द मेसेज' सरस, हे मान्य. आणि अल्सरेटमध्ये सम शोधायची युक्ती आज रात्री करून बघतो. क्रिप्टोस ऐकलाय, छान आहे, लिहायला हवा होता.

वेंगुर्ल्याच्या ताई, तुझ्यासाठी नीट लिहितो. ओपेथ पहिल्या गाण्यापासून लावू नको. आधी शेवटचं 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' ऐक. त्यात ग्राऊल नाहीत, सावकाश चाल आहे, शेवटी सुंदर गिटार आहे. मग गाण्याचे शब्द उघडून समोर ठेव आणि पहिल्या कलमापासून वाचत वाचत ऐक. कोर्टात कोणीतरी कागद वाचतोय आणि आपण मागच्या बाकावर बसलोय, एवढंच डोक्यात ठेव. ग्राऊलमधले शब्द कानाने धरायला जाऊ नको. तो आवाज कुठे येतो आणि कुठे थांबतो ते बघ. साधा गळा सुरू झाला की कोण बोलतंय ते बदललं. हे लक्षात आलं की लांबी जाणवत नाही. सगळा अल्बम ५० मिनिटांच्या आसपास आहे.

ब्लड इन्कँटेशन ऐकताना एक काम कर. ॲपच्या सेटिंगमध्ये शफल (गाण्यांचा क्रम बदलणारं) आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं) बंद आहेत का बघ, आणि गॅपलेस (मध्ये खंड न पाडणारं) चालू कर. तिन्ही भाग एकमेकांना जोडलेले आहेत. मध्ये अर्धा सेकंद जरी शांतता आली तरी जोड तुटतो, आणि तू म्हणतेस तसं हरवायला होतं.

गोजिराबद्दल: त्यांचा 'फ्रॉम मार्स टू सिरियस' ऐकला नसशील तर आधी तो. २००५ चा आहे, यंदाच्या यादीत बसत नाही, पण तुझ्या कानाला तोच पूल आहे. त्यात व्हेल माशावरचं गाणं आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते कळायलाच हवं.

वेंगुर्ला_२००५

गॅपलेस खरंच बंद होतं! आता 'द स्टारगेट' एका दमात ऐकलं. मला सिंथची जागा आवडली, पखवाजदादा रागावू नका. ओपेथ शब्द समोर ठेवून तिसऱ्या कलमापर्यंत आलेय, पुढचं उद्या, आज प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायचीय.

वाशिष्ठीकाठची

मी 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' ऐकलं आणि मग पूर्ण अल्बम ऐकला, ग्राऊलसकट. आमच्या नऊ कलमांच्या भांडणाची सगळी माणसं मला त्यात दिसली. म्हाताऱ्याचा आवाज तसाच असायला हवा होता, हे आता कळलं.

पखवाज_कुडाळ

रागावणार कशाला गो. ऐकतंस ता महत्त्वाचा.

दादा, पुढच्या वर्षीचं बोलू. ड्रीम थिएटरचा 'पॅरासोम्निया' ७ फेब्रुवारीला येतोय. त्यांचा ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला होता, त्यानंतरचा त्याचा त्यांच्याबरोबरचा हा पहिलाच. त्यातलं 'नाइट टेरर' हे गाणं ऑक्टोबरमध्ये आलंय, दहा मिनिटांचं आहे. त्यातली मोजणी मी वहीत लिहून काढलीय. कोणाला हवी असेल तर इथे टाकतो.

मिरकरवाडा_डिझेल

टाक. सुरुवातीच्या रिफची आधी टाक, तिथे माझी मोजणी दर वेळी वेगळी येतेय.